कार्डाचा महिना, कापसाचा हंगाम

आमच्या आर्वीच्या बाजारात ‘पत’ हा शब्द फार जुना आहे. अमक्याची पत आहे म्हणजे काय, तर तो दुकानात गेला, पिशवी भरून घेतली आणि ‘लिहून ठेवा’ एवढे दोन शब्द बोलला की काम झाले. दुकानदार लांबोडकी वही ओढतो, बोटाला थुंकी लावून पान उलटतो आणि लिहून घेतो. या दोन शब्दांमागे पुष्कळ गोष्टी असतात बरे का. दुकानदाराला त्या माणसाचे शेत ठाऊक असते, त्याचा बाप ठाऊक असतो, यंदा त्याच्या पऱ्हाटीला बोंडे किती धरली हेही ठाऊक असते. पत ही ओळखीवर उभी असते, आणि ओळख दोन्हीकडून असते. दुकानदार जसा कास्तकाराला ओळखतो, तसा कास्तकारही त्या दुकानदाराला पुरता ओळखून असतो. उधारीचा भाव नगदीच्या भावापेक्षा वर असतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आज मला बोलायचे आहे ते या पतीच्या एका नव्या रूपाविषयी. हे रूप खिशात मावते. ते प्लास्टिकचे असते, त्यावर सोळा आकडे असतात, आणि हल्ली तर ते हातात न घेता मोबाइलमधूनही चालते. त्याला म्हणतात क्रेडिट कार्ड. ‘क्रेडिट’ म्हणजे पतच. परंतु आपल्याकडे आणखी एक कार्ड आहे, किसान क्रेडिट कार्ड. खेड्यापाड्यांत दोन्हींना नुसते ‘कार्ड’च म्हणतात. “कार्ड काढलं का?” असे कोणी विचारले, तर कोणते कार्ड हे विचारणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. नाव एक आणि वस्तू दोन, अशी ही गोष्ट आहे. आणि या घोटाळ्यातून माणसे कशी अडचणीत येतात, हे मी जवळून पाहिले आहे.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. आर्वी तालुक्यातल्याच एका गावी शाळेत शिकवतात. नाव सांगत नाही, कारण ते स्वतःही कदाचित हे भाषण ऐकत असतील. घरी दोन भाऊ. थोरले हे गुरुजी, पगारदार. धाकटा शेती पाहतो. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तिच्यात तूर. असे घर विदर्भात गावोगाव आहे. एक भाऊ महिन्याच्या पगारावर, दुसरा वर्षाच्या पिकावर, आणि चूल मात्र एक.

गुरुजींना एके दिवशी फोन आला. “सर, तुमचं कार्ड मंजूर झालं आहे. पहिल्या वर्षी फी नाही.” शिवाय एक प्रवासी बॅग भेट. शिवाय दर शंभर रुपयांच्या खरेदीवर एक गुण. हे गुण साठले की त्यांच्या बदल्यात वस्तू. गुरुजी मला म्हणाले होते, “सर, आयुष्यभर मुलांना गुण दिले. आता कोणीतरी आपल्याला देतो आहे, म्हटलं घेऊ या.” कार्डाची मर्यादा होती पंचाहत्तर हजार रुपये.

पहिले वर्षभर सारे ठीक चालले. दिवाळीचे कपडे घेतले, मुलीचे पुस्तकांचे पैसे दिले, रेल्वेची तिकिटे काढली. बिल आले की पगारातून पुरे भरायचे. एक पैसा व्याज लागले नाही. इथपर्यंत क्रेडिट कार्डाविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही, आणि मीही करणार नाही. महिन्याला ठरलेला पगार येतो आणि बिल तारखेला पुरते भरले जाते, त्याला हे कार्ड सोयीचेच आहे.

मग आला जून. मागची दोन वर्षे पिकाची गेलेली. धाकट्या भावाचे पीककर्ज थकलेले, खात्याचे नूतनीकरण झालेले नाही. कृषी केंद्राची मागली बाकी उभी, त्यामुळे तिथेही उधारी बंद. आकाशात ढग जमलेले. भाऊ म्हणाला, “दादा, पानी येऊन राह्यलं. बियाणं त पायजेनच ना. दुकानवाला उधारी देत नाही. तुमचं कार्ड आहे ना, ते चालवा. दिवाळीत कापूस निघाला का देऊनच टाकतो मी.”

आता सांगा, दादाने काय करावे? त्याने कार्ड काढून दिले. बियाणे आणि खत मिळून अठ्ठावीस हजार. पेरणीच्या मजुरीला नगदी लागते, म्हणून एटीएममधून त्याच कार्डावर बारा हजार काढले. एकूण चाळीस हजार. पेरणी वेळेवर झाली. दुसऱ्या दिवशी पाऊसही आला, याचा मला आजही आनंद आहे. पण त्या दिवशी जे पेरले गेले ते नुसते बियाणेच नव्हते.

श्रोतेहो, या कार्डाची रचना काय आहे ती आता जरा सावकाश समजून घेऊ. इथे मी थोडा मास्तरासारखा बोलेन, त्याला माझा इलाज नाही.

या कार्डाचे घड्याळ महिन्याचे आहे. समजा, दर महिन्याच्या पाच तारखेला बिल निघते आणि ते भरायला वीस दिवस मिळतात. सहा तारखेला वस्तू घेतली, तर तिचे बिल पुढल्या महिन्याच्या पाच तारखेला, आणि भरायची तारीख पंचवीस. म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळाले. तीच वस्तू चार तारखेला घेतली, तर मिळाले एकवीसच दिवस. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असे जे सांगतात ते खोटे नाही. ते जास्तीत जास्त आहे, इतकेच.

पण हे बिनव्याजी दिवस एका अटीवर आहेत. पूर्ण बिल तारखेला भरले पाहिजे. ते नाही भरले, काही बाकी ठेवली, तर व्याज सुरू होते. आणि ते बिलाच्या तारखेपासून नव्हे, खरेदी केली त्या दिवसापासून. शिवाय बाकी उभी असेपर्यंत पुढे जी नवी खरेदी कराल तिलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून साखरेचे पुडके आणले तरी त्याच दिवसापासून व्याज चढायला लागते. आणि नगद काढली असेल तर तिला बिनव्याजी दिवस मुळातच नसतात. पैसे काढताना वेगळे शुल्क, आणि त्याच दिवसापासून व्याज. गुरुजींच्या बारा हजारांचे हेच झाले.

व्याजाचा दर किती? पुष्कळ कार्डांवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के. ‘साडेतीन टक्के’ ऐकले की आपल्याला ते स्वस्त वाटते, कारण बँकेचा दर आपण वर्षाचा ऐकत आलो आहोत. हा महिन्याचा आहे. वर्षाचा करा, बेचाळीस टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के वस्तू व सेवा कर.

बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक असतो एकूण देणे, दुसरा किमान देणे. किमान देणे साधारण शेकडा पाचाच्या आसपास. गुरुजींनी पाहिले, चाळीस हजारांवर दोन हजार भरायचे. त्यांना वाटले, बँकेने हप्ता बांधून दिला. माणूस साधा, त्यांनी तो दरमहा न चुकता भरला. सहा महिने भरला.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही कागद-पेन्सिल घ्या. आठवीच्या गणितात आपण चक्रवाढ व्याज शिकवतो, पण उदाहरणातला मनुष्य नेहमी बँकेत ठेव ठेवणारा असतो. एकदा हे उदाहरण घालून पाहा. मुद्दल चाळीस हजार, व्याज दरमहा साडेतीन टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज झाले १४०० रुपये. त्यावर कर २५२ रुपये. मिळून १६५२. गुरुजींनी भरले २००० रुपये. म्हणजे मुद्दल कमी झाले ते फक्त ३४८ रुपयांनी. पुढल्या महिन्यात बाकी ३९,६५२, तिच्या शेकडा पाच भरणा, पुन्हा तोच हिशोब. असे सहा महिने चालवले तर भरलेली रक्कम होते जवळजवळ पावणेबारा हजार रुपये, आणि मुद्दल उतरते ते अवघे दोन हजारांनी. नगद काढण्याचे शुल्क यात मी धरलेलेच नाही.

डिसेंबरात गुरुजी माझ्याकडे आले. कागदांचे भेंडोळे हातात. म्हणाले, “सर, मी एक हप्ता चुकवला नाही. तरी हे अडतीस हजार कसे काय दाखवतात? यांची चूक झाली असेल.” मी हिशोब करून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अन् गुण?” मी गुणही मोजले. नगद काढलेल्या रकमेवर गुण नसतात. अठ्ठावीस हजारांचे झाले दोनशे ऐंशी गुण, आणि एका गुणाची किंमत पंचवीस पैसे. सत्तर रुपये झाले.

हे बक्षीस येते कोठून, हेही सांगितले पाहिजे. फुकट कोणी काही देत नाही. कार्ड चालवले की दुकानदाराला त्या रकमेचा काही भाग बँकेला सोडावा लागतो, साधारण शेकडा दीड-दोन. म्हणून तर आपल्याकडचे कित्येक दुकानदार ‘कार्डावर दोन टक्के वर लागतील’ असे म्हणतात. त्या पैशातून थोडे गुण होतात. आणि बाकीचा भार जे बिल पुरते भरू शकत नाहीत ते वाहतात. तारखेला पुरते भरणाऱ्याच्या बॅगेचे पैसे किमान देणे भरणारा देतो, असा हा थोडा विचित्र व्यवहार आहे. गुरुजी पहिल्या वर्षी घेणाऱ्यांत होते, दुसऱ्या वर्षी देणाऱ्यांत गेले, आणि हा बदल कोणत्या दिवशी झाला ते त्यांना कळलेही नाही.

तुम्ही म्हणाल, मग याला काही कायदा, काही लगाम? आहे, पण तो सावकाराइतका नाही, ही जरा चमत्कारिक गोष्ट आहे. ती समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर उठले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ती घटना प्रसिद्ध आहे. त्या लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता, तर कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. कागद हाती आले की ते जाळून टाकायचे. कागदात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही आणि त्याच कागदावर आपली जमीन जाते, हा तो राग होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. इकडे मालगुजारी, इकडची रीत निराळी. पण कर्जाचे दुखणे तेच होते. १९३३ साली मध्यप्रांतात कर्जतडजोडीचा कायदा आला, आणि पुढल्याच वर्षी, १९३४ साली, सावकारांचा कायदा. सावकाराने हिशोब नीट ठेवला पाहिजे आणि दरसाल ऋणकोला लेखी खातेउतारा दिला पाहिजे, असे त्याने ठरवून दिले. केवढी साधी मागणी! पण ती कायद्यात लिहावी लागली.

आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारीचा कायदा लागू आहे. परवानाधारक सावकाराला किती व्याज घेता येईल हे सरकारने त्याच वर्षी ठरवून दिले. शेतीसाठी तारणावर नऊ टक्के, विनातारण बारा टक्के. बिगरशेतीसाठी तारणावर पंधरा, विनातारण अठरा. हे दर वर्षाचे. शिवाय दामदुपटीचा जुना नियम त्या कायद्यातही आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. बँकांना हा कायदा लागत नाही, कारण बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असतात. कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा असावी असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. व्याजाचा दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा आर्वीच्या परवानाधारक सावकाराला अठरा टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि शहरातून आलेल्या सुबक कार्डाला बेचाळीस टक्के घेता येतात. सावकाराची तरफदारी मी करत नाही. ज्यांच्याकडे परवाना नाही असे सावकार काय दर घेतात ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पण बँक म्हटली की दर कमीच असणार, ही जी आपली समजूत आहे, ती कार्डापुरती तरी दूर ठेवलेली बरी.

रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी २०२२ साली सविस्तर नियम केले, त्यांतले दोन-तीन ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. न मागता कोणाला कार्ड देता येत नाही. संमतीवाचून दिले आणि आकारणी केली, तर ती परत करून वर आकारलेल्या रकमेच्या दुप्पट दंड बँकेने त्या माणसाला द्यावा लागतो. सारी बाकी भरून कार्ड बंद करण्याची मागणी केली, तर बँकेने ते कामाच्या सात दिवसांत बंद करावे लागते. त्यानंतर दर दिवसाला पाचशे रुपये दंड. बँकेने तक्रार ऐकली नाही किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला फी पडत नाही. फक्त तक्रार आधी बँकेकडे, लेखी, आणि तिची पोच जपून ठेवायची.

आता दुसऱ्या कार्डाकडे वळू. त्यासाठीच तर हा सारा खटाटोप.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. गोरवाला समितीने १९५४ साली तिचा अहवाल दिला. आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सभासद होते. शेतकरी वर्षभरात जे शंभर रुपये कर्जाऊ घेई, त्यांतले सहकारी संस्थांकडून मिळत केवळ तीनेक रुपये, आणि सुमारे सत्तर येत सावकारांकडून. त्यानंतर सोसायट्या आल्या, जिल्हा बँका आल्या, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, ती सुमारे तीन दशके चालली. तिच्यात कापूस विकला की सोसायटीचे कर्ज चुकाऱ्यातूनच कापून जाई. कास्तकार कुरकुरत असे, चुकारे उशिरा येत, तो एक निराळाच ताप. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेला बरोबर समजली होती. कापूस उत्पादकाच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, आणि देणे फिटायचे तर तेव्हाच.

किसान क्रेडिट कार्ड आले ते १९९८ साली. रा. वि. गुप्ता यांच्या समितीने शिफारस केली आणि नाबार्डने त्या वर्षी योजना आखून बँकांना दिली. हे कार्ड म्हणजे मुळात पीककर्जाचे खाते आहे. जमीन किती, पीक कोणते, त्या पिकाला एकरी खर्च किती, यावरून मर्यादा ठरते. पुढे २०१२ साली योजना सुधारली, तेव्हापासून पीकखर्चाच्या दहा टक्के रक्कम घरखर्चासाठीही धरतात. म्हणजे कास्तकाराच्या घरातही दिवाळी असते, हे तिथे धरलेले आहे. मुदत पिकाच्या हंगामाप्रमाणे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत वेगळे तारण लागत नाही.

आणि व्याज? तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्र सरकारच्या सवलतीने सात टक्के, वर्षाचे. आता पुन्हा पेन्सिल घ्या. चाळीस हजारांवर सात टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज किती? १४०० रुपये. गुरुजींना कार्डावर एका महिन्याचे पडले तेही १४०० रुपयेच. तोच आकडा; एक सहा महिन्यांचा, एक महिन्याचा.

बरे, हेही सारे भरावे लागतेच असे नाही. ठरलेल्या मुदतीत कर्ज फेडले तर तीन टक्क्यांची सूट केंद्राकडून मिळते, आणि त्यावर राज्य शासनाची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. पंजाबराव हे आमच्या वर्धा नदीच्या पलीकडचे, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. पुढे दिल्लीला देशाचे कृषिमंत्री झाले. दोन्ही सवलती मिळाल्या की वेळेवर फेडणाऱ्याला व्याज जवळजवळ लागतच नाही. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यात येते. ती आली की नाही हे विचारत राहावे लागते. आमच्याकडे पुष्कळजण विचारत नाहीत. बँकेत काही विचारणे म्हणजे साहेबाला राग आणणे, असे अजूनही काहींना वाटते.

तर बक्षीस दोन्ही कार्डांवर आहे. पहिल्या कार्डावर खर्च केला की बक्षीस. दुसऱ्या कार्डावर फेडले की बक्षीस. गुरुजींपुढे हे मांडले तेव्हा ते हसले, पहिल्यांदाच. म्हणाले, “म्हणजे पेपर न लिहिताच मार्क मिळत होते मला.”

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे तर आपल्याला लहानपणापासून सांगतात. पण पगारदाराचे अंथरूण दर महिन्याला घातले जाते आणि कोरडवाहू कास्तकाराचे वर्षातून एकदा. जूनमध्ये पेरायचे, सीतादही करून पहिला वेचा घरात आणायचा तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि भाव बरा मिळायचा म्हणून काही कापूस पुढे राखायचा. जून ते डिसेंबर या सहा-सात महिन्यांत महिन्याचे बिल पाच-सहा वेळा येऊन जाते. धाकट्या भावाने दादाला फसवले नाही. तो दिवाळीत देणार होता आणि खरोखरच देत होता. दादानेही निष्काळजीपणा केला नाही. चूक इतकीच की हंगामाचे देणे महिन्याच्या कार्डावर टाकले गेले.

मग पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. गुरुजी त्यांच्या शिक्षकांच्या पतसंस्थेचे सभासद होतेच. तिथून त्यांनी बारा टक्क्यांनी कर्ज काढले आणि कार्डाची सारी बाकी एका दिवसात भरून टाकली. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापून जातो. धाकट्या भावाचे काम मात्र इतके सोपे नव्हते. थकलेल्या खात्याचे नूतनीकरण करायला तीन चकरा पडल्या. एकदा सातबारा जुना म्हणून, एकदा साहेब सभेला गेले म्हणून, एकदा नुसतेच. तिसऱ्या वेळी गुरुजी स्वतः रजा टाकून बरोबर गेले. पुढल्या खरिपाला त्याचे कर्ज मंजूर झाले, मेच्या अखेरीस, पेरणीच्या आधी. मेच्या अखेरीस हे मी मुद्दाम सांगतो. हेच काम जुलैत झाले असते, तर त्या घराने पुन्हा ते दुसरे कार्ड काढले असते, सारा हिशोब माहीत असूनही. म्हणून बँकेच्या अधिकाऱ्यांपैकी कोणी हे ऐकत असतील तर त्यांना माझी विनंती आहे, की पीककर्जाची फाइल पंधरा दिवस मेजावर राहिली तर तुमच्या दृष्टीने ते पंधराच दिवस असतात. आमच्याकडे तेवढ्यात मृग निघून जातो.

गुरुजींनी कार्ड मोडले नाही. तिकिटे काढायला ते वापरतात आणि बिल पुरते भरतात. एटीएममध्ये ते घालत नाहीत. बॅग धाकट्याकडे आहे. तिच्यात सातबारा, बँकेचे पुस्तक आणि भरणा केल्याच्या पावत्या असतात.

आता एक गोष्ट राहते, आणि ती सोपी नाही. या घराच्या नावावर सातबारा होता. ज्यांच्या नावावर तो नाही त्यांचे काय? मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याची शेती करणारे आमच्या भागात थोडे नाहीत. नवरा गेल्यावर शेती ओढणाऱ्या कितीतरी बाया आहेत, ज्यांचे नाव कागदावर अजून चढलेले नाही. पेरतात त्या, राबतात त्या, पण बँकेच्या दारात त्या कास्तकार नाहीत. मक्तेदार शेतकऱ्यांना चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट करून कर्ज देण्याची योजना नाबार्डने आखलेली आहे, पण शेताचा मालक मक्त्याचा कागद लिहून द्यायला तयार नसतो. उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही त्याची भीती. मग या लोकांपुढे उरते ते कृषी केंद्राची उधारी, खाजगी सावकार, आणि आता मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देऊ म्हणणारे. गेल्या हंगामात माझ्या एका विद्यार्थ्याची आई अशीच दुकानदाराच्या वहीवर होती. तिला मी किसान कार्डाची सारी माहिती सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, हे सगळं त ज्याचं वावर त्याच्यासाठी. माह्यासाठी काय आहे ते सांगा.”

वारसाची नोंद तलाठ्याकडे अर्ज करून होते, हे मी तिला सांगितले, आणि अर्ज लिहूनही दिला. ग्रामीण भागातल्या शिक्षकांनी असे अर्ज लिहून द्यावेत, इतके तर आपल्या हातात आहे. अर्ज दिला, पोच घेतली. नोंद अजून व्हायची आहे. यंदाची पेरणी तिने उधारीवरच केली.